हात लागला होता का?

"खो!"

आवाज आला. हात आला नाही.

मी उठले. तशी उठायची सवयच झाली होती. दोन ढांगांवर समोरच्या संघाची शेवटची पोरगी पळत होती, खांबाकडे वळायच्या बेतात. मी अंग झोकलं आणि तिच्या खांद्यावर थाप मारली. दोरीपलीकडची माणसं ओरडली. थोड्याच गुणांनी आम्ही मागे होतो. ती एक पोरगी बाद झाली की चषक आमचा होता.

आणि शिट्टी वाजली.

पंच परळकडच्या कुठल्याशा शाळेतले मास्तर होते. जाड भिंगांचा चष्मा, काटकुळे, कडक. ते माझ्या चौकोनाच्या बरोब्बर मागे उभे होते. त्यांनी कुमुदकडे बोट केलं. कुमुद आमची कॅप्टन. मला खो तिनेच दिला होता.

"फाऊल. गडी बाद नाही. हात लागला नाही. खो देताना हात लावायचा असतो हे शिकवलं नाही का गं तुम्हाला कुणी?"

लोक फिदीफिदी हसले. कुमुदचं तोंड लाल झालं.

"लागला होता सर! हिलाच विचारा ना. पाठ हिची आहे."

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. पंच बघतायत, आमचे सर बघतायत, दोरीला टेकलेली दादरची चार-पाचशे माणसं बघतायत. पंचांनी विचारलं, "काय गं? हात लागला होता का?"

मी मान खाली घातली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पायाच्या अंगठ्याने चुन्याची रेघ पुसत राहिले. पंचांनी घड्याळ बघितलं आणि खेळ पुढे चालू केला. उरलेल्या अर्ध्या मिनिटात ती पोरगी काही कुणाच्या हाताला लागली नाही. आम्ही हरलो.

त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते. संघाची येते त्याहून जास्त माझी येते.

खो-खो काही कुणाला समजावून सांगायला नको. शाळेत सगळेच खेळलेले असतात. पण शाळेतला खेळ वेगळा आणि सामना वेगळा. सामन्यात नियम असा, की नुसतं "खो" ओरडून चालत नाही. बसलेल्या पोरीच्या पाठीला तळवा लागला पाहिजे आणि त्याच क्षणी तोंडातून खो निघाला पाहिजे. दोन्ही एकदम. नाहीतर तो खो खोटा. त्या खोवर उठून बाद केलेला गडीही खोटा.

आठ महिने मी त्या संघात होते. आठ महिने मला सगळे खोटेच खो मिळत होते.

राज्य अजून व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. मुंबई कुणाची यावरून रस्त्यात गोळ्या चालून गेल्या होत्या. भिंतीभिंतीवर घोषणा होत्या, चुन्याने लिहिलेल्या. मी सतरा वर्षांची. आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहायचो. कुठल्या लोकांच्या चाळीत ते सांगत नाही, मुंबईत आडनाव ऐकलं की माणसं आपोआप ओळखतात. बाबा गिरणीत रिंग खात्यात होते, सूतकताईला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आणि वरळीच्या समुद्रात सोडून आले. आयेने देव्हाऱ्याच्या जागी तांदळाचा डबा ठेवला. एवढं सांगितलं म्हणजे झालं.

मुन्सिपाल्टीच्या शाळांचे सामने होते, तिथे सरांनी मला पळताना बघितलं. सर गिरगावातल्या एका शाळेत ड्रिल शिकवायचे आणि ठाकूरद्वारच्या एका वाडीत मुलींचा संघ चालवायचे. ते स्वतः चालत आमच्या चाळीत आले. बाबांना म्हणाले, "तुमची मुलगी वाऱ्यासारखी पळते. मला द्या. संघात जात-पात काही नाही. संघ म्हणजे मूठ." बाबांनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले. चहा दिला, तो मात्र "आत्ताच घेतलाय" म्हणून ठेवला. चहा आत्ताच घेतलेला असू शकतो, असं बाबा म्हणाले. मीही तेच म्हटलं.

खोटं कशाला बोलू, माणूस भित्रा नव्हता. चळवळीत लाठी खाल्ली होती त्यांनी, डाव्या कोपराला टाके होते. सराव संपला की आम्हाला गोल बसवून बोलायचे. एकी, एकी, एकी. मुंबई मिळवायची असेल तर एकी. चषक मिळवायचा तर एकी. जी स्वतःसाठी खेळते ती संघाची वैरीण. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी त्या गोलात जरा मागे बसायचे, पण काटा सगळ्यांच्या इतकाच यायचा.

मी रोज ट्रामने जायचे. वाडी कुमुदच्या आजीची. माई म्हणायचे त्यांना सगळे, संघाच्या अध्यक्ष त्याच. तीन पिढ्या गिरगावातलं घर, पुढे मोठं अंगण, त्या अंगणात आमचा सराव. बाकीच्या पोरी कपडे बदलायला आतल्या खोलीत जायच्या. मी घरूनच बदलून यायचे. सरांनीच सांगितलं होतं, "तुला लांबून यायचं, वेळ मोडतो, तू तयार होऊनच ये." किती काळजी घेतात, असं वाटायचं मला. बघा अक्कल!

कुमुद वाईट नव्हती. हे मला सांगायलाच पाहिजे, नाहीतर गोष्ट सोपी होऊन बसेल. खांबावरून वळताना कंबर कशी टाकायची ते तिने मला शिकवलं. समोर उभी राहून, पन्नास पन्नास वेळा करून दाखवायची. "अगं घोडे, कंबर टाक, पाय नको!" माझं जमलं की टाळ्या वाजवायची. दुसरीला शिकवताना ती तिच्या कमरेला धरून वळवायची. मला समोरून दाखवायची. मला वाटायचं माझी जाण चांगली आहे, बघून समजतं, म्हणून.

मला शेवटच्या चौकोनात बसवायचे, खांबाजवळ. सर म्हणायचे, "तू खो देत बसू नकोस. तुझी धाव मोठी आहे. उठलीस की तूच मार." मला अभिमान वाटायचा. द्यावाच लागला खो तर बोटाचं टोक लावायचं, कारण "तुझा हात जड आहे, पोरी कळवळतात." आणि मला खो यायचा तो कानात. मागून नुसता आवाज. चार बोटं लांब थांबलेला हात मला दिसत नव्हता, पण पाठीला कळायचं. पाठीला सगळं कळतं हो. मी आवाजावर उठायला शिकले. इतकी तरबेज झाले की हात लागल्यावर उठणाऱ्या पोरींपेक्षा मी लवकर उठायचे. सरावाला पंच सरच. त्यांनी एकदाही शिट्टी वाजवली नाही.

एकदा मोर्चाला गेलो सगळ्याजणी, लालबागपर्यंत. गर्दीत चुकामूक नको म्हणून सर म्हणाले, "हात धरा गं एकमेकींचे!" साखळी झाली. माझ्या शेजारी कुमुद. तिने कमरेचा रुमाल काढला, एक टोक मला दिलं, एक आपण धरलं. "घाम येतो गं हाताला," म्हणाली. आम्ही दोघी रुमाल धरून घसा फुटेस्तोवर घोषणा देत गेलो. मुंबई आमची. मला त्या दिवशी खरंच वाटलं, आमची.

हे सगळं मला तेव्हा समजत नव्हतं का? समजत होतं. चाळीतल्या पोरीला हे समजत नाही असं होत नाही. पण समजून घ्यायचं नव्हतं. मला खेळायचं होतं. पळताना मी कुणाचीच नसायचे, ना चाळीची ना वाडीची. आणि सर म्हणत होते, चषक आला तर माझं नाव मुंबईच्या संघासाठी पाठवणार. मुंबईच्या संघात खेळलेल्या पोरीला मुन्सिपाल्टीच्या शाळेत खेळाची बाई म्हणून घेतात. आमच्या अख्ख्या चाळीत नोकरीवाली बाई म्हणजे झाडूखात्यातली. मला मास्तरीण व्हायचं होतं.

आता ती सकाळ. अंतिम सामन्याची.

मैदानाच्या कडेला कनात लावली होती. मी लवकर पोचले आणि कनातीच्या मागे पट्टी बांधत बसले, घोट्याला. आत सर बाकीच्या पोरींशी बोलत होते. मी आलेय हे त्यांना माहीत नव्हतं. सरांचा आवाज हळू होता, पण कनात म्हणजे काय, कापड.

"आज पंच बाहेरचे आहेत, आधीच्या फेऱ्यांसारखे ओळखीचे नाहीत. आज तिला हात लावावा लागेल. सामन्यापुरता लावा. घरी जाऊन आंघोळ करा, कोण विचारतंय?"

एक-दोघी हसल्या. एक म्हणाली, "इश्श, सर!" मग कुमुदचा आवाज, "माईला कळलं तर?" सर म्हणाले, "माईंशी मी बोलतो. चषकासाठी एवढं करायला नको का?"

इथवर ऐकलंत. आता यापुढचं ऐका, कारण हे मी बाबा सोडून कुणाला सांगितलेलं नाही. हे ऐकून मला राग आला नाही. मला आनंद झाला. मला वाटलं, आज हात लागणार. सकाळी मी दोनदा अंग धुऊन आले होते, शेजारणीचा वासाचा साबण मागून घेऊन. मला वाटलं, बरं झालं वास येतोय अंगाला. कुमुदला घाण वाटणार नाही. असा आनंद. त्या आनंदाची आठवण आली की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि कुमुदचा हात लागलाच नाही. सगळा सामनाभर बाकीच्यांनी कसातरी लावला, चटका बसल्यासारखा, निसटता. शेवटच्या मिनिटाला कुमुद मागे आली. तिला लावायचा होता, हे मी आजही मानते. चषक तिला माझ्याइतकाच हवा होता. पण घाईत माणूस विचार करत नाही, सवय काम करते. आठ महिन्यांची सवय. आठ महिन्यांची कशाला, तिच्या सात पिढ्यांची. हात चार बोटांवर थांबला आणि तोंड खो म्हणून गेलं.

रविवारी सरांनी मला वाडीत बोलावलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा आत नेलं. ओटीवरच्या खोलीत. खुर्ची दिली. समोर माई, बाजूला सर, भिंतीशी सगळ्या पोरी उभ्या. टेबलावर एक अर्ज होता. आमच्या संघाने पंचांविरुद्ध तक्रार केली होती. सामना भरवणाऱ्या मंडळाने मंगळवारी सुनावणी ठेवली होती. तक्रार मान्य झाली की तो गडी बाद धरणार आणि चषक आमच्याकडे येणार.

सरांनी वाचून दाखवलं. "खो देतेवेळी खेळाडूच्या पाठीस तळव्याचा स्पष्ट स्पर्श झाला होता." खाली कुमुदची सही होती. बाकी सातजणींच्या सह्या होत्या. एक जागा मोकळी होती.

"पाठ तुझी," सर म्हणाले. "तुझ्या शब्दाला वजन आहे. तू हो म्हणालीस की पंचांचं काही चालत नाही."

मी म्हटलं, "पण सर, हात लागला नव्हता."

मग सर माझ्याशेजारी उकिडवे बसले, अगदी मायेने. "हे बघ. मी खरं-खोटं विचारत नाहीये. संघ विचारतोय. आठजणी एक बोलतायत. तू एकटी वेगळं बोलणार? मी तुम्हाला इतके महिने काय शिकवलं? अशा वेळी जी फुटते तिला काय म्हणतात?"

वत्सल म्हणून एक पोरगी होती, माझ्याच वयाची, त्यातल्या त्यात माझ्याशी बोलणारी. ती कळवळून म्हणाली, "कर ना गं सही. सगळ्यांचंच भलं आहे. तुझंसुद्धा नाव जाईल मुंबईत."

माईंनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यांच्यासमोर लाकडी पात्रात तीन पेनं उभी होती. माझं लक्ष तिकडे गेलं. माईंचंही गेलं. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या,

"पेन आणलंयस ना गं तुझं?"

बास. एवढंच. ना कुणी शिवी दिली, ना कुणी ढकललं. मला हात लागला होता असं लिहून द्यायला बसवलं होतं, आणि सहीला पेन मिळत नव्हतं.

मी म्हटलं, "नाही आणलं." वत्सलने पुढे येऊन आपलं पेन टेबलावर ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं. मी ते उचललं नाही. उठले. सर मागून म्हणाले, "सही राहू दे. मंगळवारी तोंडी सांग. पण नीट विचार कर. तुझ्या बापाने तुला माझ्या भरवशावर पाठवलंय."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. म्हणजे अर्ज सांगितला, पेन सांगितलं. कनातीमागचं सांगितलं नाही, लाज वाटली. मला वाटलं बाबा भडकतील. देव समुद्रात टाकणारा माणूस! बाबा गुडघे हलवत बसले आणि म्हणाले,

"कर गो बाय सही. आपलं काय जातंय त्यात? नोकरी लागंल."

मी ओरडले त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. "तुमचं काय गेलं तेव्हा? संपात सहा आठवडे उपाशी राहिलात ना सगळ्यांच्या बरोबर? लाल बावटा एक, कामगार एक! मग साचेखात्यात का नाही घेत तुम्हाला? तिथे पगार जास्त आहे ना?"

साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर, धोटा भरताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. आमच्या लोकांचं तोंड लागलेला धोटा दुसरे तोंडाला लावणार नाहीत, म्हणून आमच्या माणसाला त्या खात्यात घेतच नसत. मालक घेत नव्हता असं नाही. बरोबरचे कामगार घेऊ देत नव्हते. तेच कामगार, ज्यांच्यासाठी बाबांनी आयेचं मंगळसूत्र मोडलं होतं.

आये चुलीपुढून म्हणाली, "पोरीला बोल लावू नका. ती खरं बोलते." बाबा उठून गॅलरीत गेले. मला वाईट वाटलं. माझ्या तोंडाला लगाम नाही, तेव्हाही नव्हता. पण बोलता बोलता मलाच कळलं होतं. या एकीचा नियम कळला होता. लाठी खायची, उपास काढायचे, घोषणा द्यायच्या, धाव मारायची, तेव्हा आपण सगळे एक. आणि सूत, पेन, पाठ आली की आपण आपले.

मंगळवारी बाबा कामावर गेले नाहीत. खाडा केला. काही न बोलता माझ्याबरोबर दादरपर्यंत चालत आले आणि शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. "मी हितं हाय," म्हणाले. काय बोल, काय बोलू नको, काही सांगितलं नाही.

शाळेचा एक वर्ग होता. टेबलामागे मंडळाची तीन माणसं, बाजूला ते चष्मेवाले पंच. आम्ही सगळ्या बाकांवर. माई पुढच्या खुर्चीवर, सर त्यांच्यामागे. मधल्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि आधी कुमुदला उभं केलं.

"तळवा लागला होता?"

"हो."

"पूर्ण तळवा? की नुसती बोटं?"

कुमुदने एकदा माईंकडे बघितलं. माई भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होत्या. "पूर्ण तळवा," कुमुद म्हणाली. घरी जे कबूल करता आलं नसतं ते बिचारी इथे चषकासाठी खोटंच कबूल करत होती.

मग मी. सरांनी माझ्याकडे बघून मूठ आवळून दाखवली. मूठ म्हणजे संघ.

"तुझ्या पाठीला हात लागला होता का?"

"नाही."

मधले गृहस्थ म्हणाले, "नीट आठवून सांग. तू त्याच संघाची आहेस. तुझ्या बोलण्याने तुझाच संघ हरतोय."

"मला नीट आठवतंय. त्या खोला लागला नाही. आठ महिने सरावातही लागला नाही. मला हात लावत नाहीत. सामन्याच्या सकाळी आमचे सर कनातीत म्हणाले, 'सामन्यापुरता लावा. घरी जाऊन आंघोळ करा, कोण विचारतंय?' मी मागे बसले होते. मी ऐकलं."

सरांचं तोंड उतरलं. पंचांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते मधले गृहस्थ, चांगले शिकलेले, खादीवाले, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे बघ मुली, एवढं आम्हाला नको. विचारलं तेवढंच सांग."

"लिहून घ्या."

"हा तक्रारीचा विषय नाही."

"हाच विषय आहे. लिहून घ्या."

त्यांनी घेतलं नाही लिहून. कागदावर दोनच शब्द लिहिले, 'स्पर्श नाही', आणि तक्रार फेटाळली. बाकीचं कुठल्याही कागदावर नाही. म्हणून मी आज लिहिते आहे.

बाहेर जिन्यात कुमुदने मला गाठलं. रडत होती. "तुझ्यामुळे गेला चषक! आम्ही तुला संघात घेतलं, आणि तू असं केलंस?"

"घेतलं कुठे?" मी म्हटलं.

खरं सांगू, तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. आम्ही दोघीही तो चषक हरलो होतो. पण तिच्या-माझ्यात दोन पायऱ्यांचं अंतर होतं आणि ती खाली उतरली नाही.

फाटकाशी बाबा होते. मी सांगितलं काय झालं ते. या वेळी कनातीमागचंही सांगितलं, साबणासकट. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "माझ्याच्यानं झालं नसतं गो." आम्ही चालत घरी आलो. त्या दिवशी बाबांचा राग माझ्या मनातून गेला तो कायमचा.

आठवड्याने सर चाळीत आले. एकटेच. मला वाटलं शिव्या द्यायला आलेत. पण नाही, ते थकलेले दिसत होते. गॅलरीत उभे राहून म्हणाले, "चुकलो मी. बोलायला नको होतं तसं." मग म्हणाले, "तू परत ये. तुझ्यासारखी धाव कुणाची नाही. पुढच्या वर्षी मी वत्सलला तुझ्यासाठी ठेवतो. तुला खो फक्त ती देईल. तिच्या घरी चालतं एवढं. बाकीच्यांचा प्रश्नच येणार नाही."

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी तोडगा आणलाय. शोधून आणला होता बिचाऱ्यांनी. चांगला माणूस, लाठी खाल्लेला माणूस, आणि त्याला संघातल्या आठजणींना 'हात लावा' म्हणून सांगायचं सुचत नव्हतं. त्यापेक्षा एक हात लावणारी नेमणं सोपं होतं.

"सर, आठजणींनी लावायचा. नाहीतर मी येणार नाही."

"एवढा हट्ट बरा नाही. वेळ लागतो समाज बदलायला. आत्ता मुंबईसाठी लढतोय आपण. ते एकदा होऊ दे. आत्ता फाटे फोडू नकोस."

"मुंबईसाठी मी येईन मोर्चाला. माझीपण आहे ती. रुमाल मात्र धरणार नाही."

त्यांना रुमालाचं समजलं नाही. त्यांनी बघितलाच नव्हता तो कधी. "तुझं नाव जाणार नाही मग मुंबईच्या संघासाठी," ते म्हणाले. धमकी नव्हती ती, ते दुःखाने बोलत होते. मी म्हटलं, "माहीत आहे."

ते जिना उतरून गेले. मी खाली बघितलं नाही. नोकरी गेली, खेळ गेला, दोन्ही मला हवं होतं आणि दोन्ही गेल्याचं मला तेव्हाही दुःख झालं, आजही होतं. कुणी म्हणेल, नंतर सगळं चांगलं झालं असेल. नाही झालं. मी मुंबईकडून कधी खेळले नाही. मास्तरीण झाले नाही. पुढे कारखान्यात पाकिटं भरली, बावीस वर्षं.

पण त्या संध्याकाळी मी चाळीतल्या पोरी गोळा केल्या. सात मिळाल्या. एक भायखळ्याहून माझी मावसबहीण आली. मला धरून नऊ. त्यांना पहिल्या दिवशी मी एकीवर काही बोलले नाही, आजपर्यंत कुठल्याच पोरींपुढे बोललेले नाही. एवढंच सांगितलं, की इथे कुणी कुणासाठी खोटं बोलायचं नाही, आणि कुणाला खोटं बोलायला लावायचं नाही. हरलो तर खरं सांगून हरायचं. पुढच्या वर्षीच्या सामन्यांचा अर्ज मी स्वतः भरला आणि त्याच मंडळाच्या टेबलावर, त्याच खादीवाल्या गृहस्थांच्या पुढे नेऊन ठेवला. त्यांनी मला ओळखलं. नावं वाचली, आडनावं वाचली, वर बघितलं. म्हणाले, "तुमचा वेगळा संघ कशाला? फूट दिसते त्याने."

मी म्हटलं, "दिसू दे."

ज्या एकीला माझं खोटं लागतं, त्या एकीत मी नाही. नव्हते, नाही, आणि मरेपर्यंत असणार नाही. अर्ज घ्या.